निधीसाठी निरक्षर

आमच्या महाविद्यालयात संशोधन समिती आहे आणि तिचा समन्वयक मी आहे. हे पद मला कुणी दिलं असं म्हणता येणार नाही. समित्या वाटल्या त्या दिवशी मी रजेवर होतो, एवढंच. जो बैठकीला हजर नाही त्याच्या नावावर उरलेली समिती टाकायची, ही आमच्याकडची पद्धत आहे, आणि संशोधन समिती दरवर्षी उरते.

समितीला तसं काम नव्हतं. वर्षातून एकदा मूल्यांकनाचा अहवाल भरायचा. त्यात ‘बाहेरून मिळवलेला संशोधन निधी’ असा एक रकाना असे आणि त्यात मी ‘निरंक’ लिहीत असे. हा शब्द मला आवडतो. शून्यापेक्षा तो भारदस्त दिसतो. असं पुष्कळ वर्षं चाललं असतं, पण शेजारच्या तालुक्यातल्या एका महाविद्यालयाने तो रकाना भरला, आणि त्याचं बॅनर सेनगावच्या बसस्थानकासमोर लागलं. आमच्या संस्थेचे अध्यक्षसाहेब त्याच रस्त्याने येतात.

त्यांनी मला बोलावून घेतलं. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. सोयाबीन, जिनिंग आणि शिक्षण या तिन्हींकडे ते एकाच आपुलकीने पाहतात.

“सर, त्यांच्याकडं निधी येऊन राहिला, मंग आपल्याकडं काहून न्हाई?”

मी म्हणालो, मागावा लागतो.

“मंग मागा की. आपल्याला मागायची काय लाज?”

त्या वाक्यावर मी हसलो होतो. आता आठवलं की हसू येत नाही.

मग मी शोधायला लागलो. बाहेरचा निधी शोधणं हे काम मुलीसाठी स्थळ शोधण्यासारखं असतं. पलीकडच्यांच्या अटी आधी वाचायच्या आणि मग आपलं घर त्या अटींत बसतं का ते पाहायचं. एकाला परदेशातलं भागीदार विद्यापीठ हवं होतं. दुसऱ्याला सुसज्ज प्रयोगशाळा हवी होती, आणि आमच्या प्रयोगशाळेत सुसज्ज म्हणावं असं फक्त कुलूप होतं. तिसऱ्याला पेटंट हवं होतं. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की आमच्यासारख्यांना एकच दार उघडं आहे. वंचित, दुर्लक्षित, मागास अशा शब्दांनी सुरू होणारं. आमच्याकडे विकण्यासारखं तेवढंच होतं, आणि बाजारात त्याला भाव होता.

अशी एक जाहिरात सापडली. मोठ्या शहरातलं एक खाजगी प्रतिष्ठान, ग्रामीण कष्टकरी स्त्रियांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या महाविद्यालयांना तीन वर्षं मदत करणार होतं. विषय माझ्याकडे नव्हता. तो वनस्पतिशास्त्राच्या मॅडमकडे होता.

या मॅडम तासिका तत्त्वावर शिकवतात. म्हणजे जितके तास तितकं मानधन, आणि परीक्षा आल्या की नेमणूक संपली. दरवर्षी जूनमध्ये त्या स्वतःच्याच जागेसाठी नव्याने अर्ज करायच्या आणि स्वतःच्याच टेबलासमोर मुलाखतीला बसायच्या. पोरगी हुशार, आणि हट्टी. हळद शिजवून वाळली की ती ड्रममध्ये घालून पॉलिश करतात, तेव्हा जी पिवळी धूळ उडते त्यात आमच्या भागातल्या बाया दिवस दिवस बसलेल्या असतात. त्यांच्या छातीचं काय होतं, हे कुणी मोजलेलं नव्हतं. मॅडमना ते मोजायचं होतं. फुंकर मारून श्वास मोजायचं एक यंत्र येतं, ते त्यांना हवं होतं, आणि तीन हंगाम सलग हवे होते.

“सर, हे झालं तर मी इथं राहते,” त्या म्हणाल्या. “न्हाई झालं तर भाऊ पुण्याला बोलवून राहिलाय. त्याच्या कंपनीत बसायला लागंल मला.”

प्रकल्प मंजूर झाला तर त्यांना तीन वर्षांची सलग नेमणूक मिळणार होती. नाही झाला तर सुट्ट्या लागल्या की त्या जाणार होत्या. सगळं इतकं साधं होतं.

गाव कुठलं घ्यायचं याचा विचार करावा लागला नाही. माझंच गाव घेतलं, आमच्याच तालुक्यातल्या गोरेगावहून जीपने पुढे जावं लागतं ते. तिथे हळद आहे, पॉलिशचे ड्रम आहेत, आणि माझ्या चुलत भावाची बायको आहे. थोरला चुलत भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनींनी शेत ठेवलं, लेकरं शिकवली, आणि गावातला बायांचा बचत गट उभा केला. त्या दहावी पास आहेत. गटाच्या सचिव त्याच, इतिवृत्त लिहिणाऱ्या त्याच. बँकेतला माणूस सही कुठे करायची ते दाखवायला बोट पुढे करतो, तेव्हा त्या त्याचं बोट बाजूला सारतात. कुठल्या बाया किती वर्षांपासून पॉलिशवर जातात, कुणाला दम लागतो, कुणी औषध घेते, ही सगळी माहिती त्यांनीच मला फोनवरून दिली.

प्रस्तावातला शास्त्राचा भाग मॅडमनी लिहिला. ‘समाजाची पार्श्वभूमी’ हा भाग माझ्याकडे आला, कारण मी समाजशास्त्र शिकवतो. मी तो इंग्रजीत लिहिला. इंग्रजीत मला आमचा जिल्हा नेहमी थोडा लांबून दिसतो, कुणीतरी विमानातून पाहावा तसा. या भागातल्या स्त्रिया बहुतांशी निरक्षर आहेत. स्वतःविषयीचे निर्णय त्या घेऊ शकत नाहीत. अज्ञानामुळे दवाखान्याऐवजी अंगाऱ्यावर विसंबतात. मी भराभर लिहीत गेलो. वहिनींनी दिलेली माहिती कानात ताजी होती, आणि ती देणारी बाई निरक्षर आहे असं लिहिताना मला कुठेही अडखळायला झालं नाही. अशा मजकुराची एक चाल असते. ती एकदा लागली की खरंखोटं तिच्यामागून चालत येतं.

प्रस्ताव पहिल्या चाळणीतून पार झाला. पुढची पायरी होती ऑनलाइन सादरीकरण. अट एकच: त्या वेळी समाजाचे प्रतिनिधी समोर बसलेले असावेत.

अध्यक्षसाहेबांच्या मते जिथे प्रतिनिधी बसतात तिथे कार्यक्रम असतो. सभागृहात मंडप घातला. व्यासपीठावर खुर्च्या, खुर्च्यांवर पांढरे टॉवेल, मागे बॅनर. गावाहून दोन जीप भरून बाया आल्या आणि प्रत्येकीला दारात गुलाबाचं फूल मिळालं. लॅपटॉपला हार घालण्याची सूचना आली होती, ती मॅडमनी कॅमेरा झाकला जाईल असं सांगून टाळली. प्रतिष्ठानच्या बाई पडद्यावर वेळेवर आल्या. मध्यम वय, पांढरे होत चाललेले केस, शांत चेहरा. त्यांना आमचं दीपप्रज्वलन दिसलं. वारा असल्यामुळे ते बराच वेळ दिसलं. मग अध्यक्षसाहेबांनी संस्थेचा इतिहास सांगितला, तोही त्यांनी ऐकला. मग माझी पाळी आली.

मी इंग्रजीत सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील तोच बाईंनी हात वर केला आणि हिंदीत म्हणाल्या की तुमच्या समोर इतक्या महिला बसल्या आहेत, हे त्यांच्याबद्दल आहे, तर त्यांना कळेल असं हिंदीत बोला. मलाही बरं वाटेल.

सूचना अगदी योग्य होती. मी स्वतः वर्गात असंच काहीतरी सांगत असतो.

मी समोर पाहिलं. पहिल्या रांगेत वहिनी होत्या, मांडीवर गुलाबाचं फूल. त्यांच्यामागे गावातल्या सगळ्या ओळखीच्या बाया. कुणी मला लहानपणी कडेवर घेतलेलं, कुणाच्या लग्नात मी वाढपी होतो. या सगळ्यांना हिंदी कळते. टीव्ही हिंदीत असतो, हळदीचे व्यापारी हिंदीत बोलतात. मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की जे इंग्रजीत लिहिलं ते या भाषेत यांच्या तोंडावर म्हणणं मला शक्य नाही.

मग मी दुसरंच बोललो. आमच्या महिला फार कर्तबगार आहेत, कष्टाळू आहेत, बचत गट चालवतात, व्यवहार सांभाळतात. सगळं खरं होतं. बोलताना मला चांगलंही वाटत होतं. आपण आपल्या माणसांचा मान राखतो आहोत असं वाटत होतं.

बाईंनी समोरचे कागद चाळले.

“प्रोफेसर साहब,” त्या म्हणाल्या, “आपके प्रस्ताव में तो लिखा है कि यहाँ की महिलाएँ पढ़ना-लिखना नहीं जानतीं, अपने फ़ैसले ख़ुद नहीं ले पातीं. अब आप कह रहे हैं कि सब संभाल लेती हैं. हम कौन-सी बात सही मानें? मदद तो हमें वहाँ देनी है जहाँ ज़रूरत सबसे ज़्यादा है.”

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी काय लिहिलं ते आता सगळ्यांना कळलं होतं, त्यांना समजेल अशा भाषेत. समोर पाहायची हिंमत झाली नाही. बाजूला लॅपटॉपपाशी मॅडम बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. त्यांना बोलता आलं असतं, पण तासिकेवरच्या माणसाने अध्यक्षांच्या देखत आपणहून बोलायचं नसतं. मी बोलायला हवं होतं.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वहिनी उठल्या होत्या. त्या व्यासपीठाशी आल्या, माझ्या हातातला माईक घेतला, पदर कपाळापर्यंत ओढला. एरवी त्या पदर इतका खाली घेत नाहीत.

“साहबबाई,” त्या म्हणाल्या, “ये हमारे घर के हैं. इनको शरम आती बोलने को. इन्हों ने लिखा वो बराबर लिखा. हमकू लिखना-पढना नहीं आता. अंगूठा मारते हम. मरद लोग बोलते वैसा करते. हळद का धुराळा छाती में जाता, तो मंदिर जाके अंगारा लगाते. डॉक्टर कू क्या बोलना, समजता नहीं हमकू.”

मग त्या खोकल्या. तोंडाला पदर लावून, वाकून, चांगल्या खोकल्या. मागच्या रांगेतून आणखी दोघींना खोकला आला. त्यातल्या एकीला मी ओळखतो. खोकला संपल्यावर तिने शेजारणीकडे डोळे मिचकावून पाहिलं.

पडद्यावरच्या बाईंनी चष्मा काढला. “आपने बहुत हिम्मत से बात की,” त्या म्हणाल्या. पुढचे प्रश्न त्यांनी मॅडमना विचारले, धुळीचे, श्वासाचे, यंत्राचे, आणि मॅडमनी त्यांची नीट उत्तरं दिली. माझ्याकडे परत कुणी वळलं नाही.

नंतर व्हरांड्यात चहा होता. वहिनी बशीत चहा ओतून फुंकर घालत उभ्या होत्या. मी जवळ गेलो.

“काय भाऊजी, बराबर झालं का?”

मी म्हणालो की मी तसं लिहायला नको होतं.

“लिहिलं तं लिहिलं. आमी न्हाई का तहसीलच्या अर्जात लिहीत? तिथं तं मी कितीदा भूमिहीन होऊन आले.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “पण मंग तिथं बोलायला काहून लाजून राहिले? तुमी लिहायचं अन बोलायची पाळी आली की आमी बोलायचं, व्हय?”

त्यांनी बशीत आणखी चहा ओतला.

“त्या पोरीचं तोंड पाह्यलं का तुमी? रडकुंडीला आली व्हती ती. अन तुमी आमची तारीफ करून राहिले.”

त्यांनी बशी खाली ठेवली आणि जीपकडे गेल्या. मी लिहिलं याची लाज मला सभागृहातच वाटली होती. ती सोसण्यासारखी होती, शिकलेल्या माणसाला अशी लाज वाटून घ्यायची सवय असते. व्हरांड्यात वाटली ती वेगळी होती. माझा हात स्वच्छ राहावा म्हणून मी बोललो नाही, आणि ते काम एका बाईला तिच्या गावातल्या सगळ्या बायांसमोर करावं लागलं.

प्रकल्प मंजूर झाला. मंजुरीच्या पत्रात ‘समाजाच्या प्रतिनिधीचं हृदयस्पर्शी निवेदन’ असा उल्लेख होता. बसस्थानकासमोर बॅनर लागलं. त्यावर अध्यक्षसाहेब मोठे, प्राचार्य मध्यम, आणि मी मतदार ओळखपत्रावर असतो तेवढा. सत्कार झाला, शाल आणि नारळ मिळाला. आमच्याकडे काम सुरू होण्याआधी सत्कार होतो आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. पण इथे मॅडम होत्या. त्यांना नेमणुकीचं पत्र मिळालं त्या दिवशी त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले, आणि माझ्यासमोर डबा धरून म्हणाल्या, “सर, तुमच्यामुळं.” मी पेढा घेतला. दुसरं काय करता आलं असतं ते अजून मला कळलेलं नाही.

काम सुरू व्हायच्या दिवशी प्रतिष्ठानच्या बाई स्वतः गावात येणार होत्या. आदल्या आठवड्यात त्यांनी कळवलं की बचत गटही बघायला आवडेल, त्यांची बैठक, त्यांची कागदपत्रं. मी वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, त्याचं मी पाहिलं. काय पाहिलं ते मला तिथे गेल्यावर कळलं. त्यांनी सचिवपद सोडलं होतं. निरक्षर बाई सचिव कशी असेल? आता सचिव होत्या अंगणवाडीच्या बाई, ज्यांच्याशी वहिनींचं गट सुरू झाल्यापासून पटत नव्हतं आणि ज्यांना ते पद वहिनींनी कधीही मिळू दिलं नव्हतं. अंगणवाडीच्या बाई मधल्या खुर्चीत बसल्या होत्या. वहिनी खाली सतरंजीवर, भिंतीला टेकून.

अभ्यासात भाग घेणाऱ्या प्रत्येकीची संमती घ्यायची होती. मॅडमनी टेबलावर कागद मांडले आणि पेन ठेवलं. पहिलं नाव वहिनींचं. त्या आल्या, पेनकडे पाहिलंसुद्धा नाही.

“शाईचा पॅड आणला न्हाई का, मॅडम?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. प्रतिष्ठानच्या बाई शेजारीच उभ्या होत्या. सोबत आलेल्या अध्यक्षसाहेबांनी ग्रामपंचायतीतून पॅड मागवला. वहिनींनी अंगठा टेकवला, नीट दाबून, कडा उमटतील असा. बाईंनी त्याचा फोटो घेतला.

मला वाटलं होतं, एकीपुरतं हे ठीक आहे. पण दुसरी आली आणि तिनेही अंगठा पुढे केला. मग तिसरी. त्या गटातली जवळजवळ प्रत्येक बाई सही करते. वहिनींनीच त्यांना करायला शिकवली, कित्येक दुपारी समाजमंदिराच्या ओट्यावर बसवून. आता वहिनी अडाणी आणि आपण शिकलेल्या, हे त्यांना चांगलं वाटेना. एकेक जण आली आणि अंगठा देऊन गेली. रांगेत शेवटी एक सून होती. आमच्याच महाविद्यालयातून बी. ए. झालेली. विषय समाजशास्त्र. माझ्या तासाला ती खिडकीपाशी बसायची आणि प्रश्न विचारायची. तिने अंगठा शाईत बुडवला, कागदावर ठेवला, आणि माझ्याकडे न पाहता निघून गेली. आमच्या विद्यापीठाने तिला दिलेली पदवी मी त्या पॅडमध्ये बुडताना पाहिली.

त्यानंतर यंत्रात फुंकर मारायचं काम सुरू झालं. बायांनी आधी बरीच थट्टा केली. नवऱ्यावर ओरडायला लागतो तेवढा दम आमच्यात आहे, असं एकजण म्हणाली. मग एकेकीचे आकडे यायला लागले तशा मॅडम गप्प होत गेल्या. संध्याकाळी त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “सर, शिक्षणाचा रकाना मी रिकामा ठेवून राहिले. त्यात खोटं माझ्यानं लिहिणं होणार न्हाई. पण श्वास खराब आहेत. खरंच खराब आहेत. तुमच्या वहिनींचा तर लईच.”

म्हणजे सभागृहातला तो खोकला अगदीच नाटक नव्हता.

प्रतिष्ठानच्या बाई जायच्या आधी मी वहिनींना गाठलं. आपण त्यांना खरं सांगून टाकू, मी म्हणालो. तुम्ही शिकलेल्या आहात, मी चुकीचं लिहिलं, एवढंच. हळदीच्या धुळीला अक्षरं वाचता येत नाहीत, ती सगळ्यांच्या छातीत जाते. प्रकल्पाला काही होणार नाही.

“व्हणार न्हाई, हे तुमी लिहून देताल का?” त्या म्हणाल्या.

मी बाईंच्या गाडीकडे पाहिलं.

“मंग राहू द्या. तीन वर्साचा तं सवाल हाय. अडाणी राहायला काय तकलीफ हाय मला? जन्मभर लोकं अडाणी राहतात.”

मला तेवढ्यावर सुटल्यासारखं वाटलं, ही या सगळ्यातली सर्वांत वाईट गोष्ट. मी पुन्हा आग्रह केला नाही.

पण प्रतिष्ठानच्या बाई मनाने चांगल्या होत्या. अंगठ्यांची ती रांग त्यांच्या डोळ्यांसमोरून हटेना. परत गेल्यावर त्यांनी आमच्या प्रकल्पाला जोडून आणखी एक छोटा निधी मंजूर करून घेतला, आम्ही न मागता. गावातल्या महिलांसाठी साक्षरता वर्ग. अध्यक्षसाहेबांचा आनंद मावेना. मागून मिळणं वेगळं, ते म्हणाले, हे न मागता आलं. त्यांनी मला मिठी मारली. त्या वर्षी मूल्यांकनाच्या अहवालातला तो रकाना मी दोनदा भरला.

वर्गाचं उद्घाटन गावातल्या शाळेत झालं. पुन्हा बॅनर, पुन्हा पांढरे टॉवेल. भिंतीवर पहिलीतल्या पोरांनी काढलेली चित्रं होती, ती बॅनरने झाकली गेली. पहिल्या बाकावर वहिनी, हातात नवी पाटी. त्यांच्यामागे सगळ्या जणी, बी. ए. झालेली सूनसुद्धा. प्रतिष्ठानच्या बाई या खेपेला येऊ शकल्या नाहीत, पण फोटो पाठवायचे होते. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे लिहिलं होतं, ‘प्रथम अक्षराचे अध्यापन.’ म्हणजे अध्यक्षसाहेबांच्या हस्ते दीप आणि माझ्या हस्ते अ.

फोटो काढणाऱ्याने सांगितलं, हात हातात घेऊन काढा, म्हणजे दिसेल.

वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा मी शाळेत होतो. तेव्हापासून मी त्यांच्या पायांना हात लावत आलो, हाताला कधी लावला नव्हता. दहावीच्या माझ्या परीक्षेआधी निबंधाची वही त्यांनीच तपासून दिली होती. मी बाकापाशी वाकलो. त्यांनी पाटीवरची पेन्सिल मुठीत धरली, लहान लेकरं धरतात तशी. इतक्या वर्षांत त्यांनी ती तशी कधी धरली नसेल. मी त्या मुठीवर हात ठेवला. हात गरम होता आणि त्यांना दम लागलेला होता. शाळेचा जिना चढून आल्याचा तो दम असावा, पण जिना फारसा उंच नव्हता.

मी अक्षर काढायला सुरुवात केली. माझा हात हलतच नव्हता, हलत होता तो त्यांचा. सवयीने तो सरळ जायला लागला, सुबक गोल घ्यायला लागला, आणि मग मध्येच थांबला.

“हळू, भाऊजी,” त्या ओठ न हलवता म्हणाल्या. “लई चांगलं येऊन राहिलं. पयल्या दिवशी कुणाचं येतं व्हय असं? वाकडं करा थोडं.”

त्या स्वतः करू शकल्या असत्या. पण त्यांचा हात तसाच थांबून राहिला. मला वाटतं, तेवढं एक काम त्यांना माझ्याकडून करून हवं होतं.

मी त्यांची मूठ घट्ट धरली आणि अ ची दांडी वाकडी ओढली. फोटो निघाला.